परकरात शिवलेली पत्रं

दुपारची भांडी घासून पडवीत पालथी घातली की शेजारची काकी यायची. घामाने ओलं होऊ नये म्हणून पदरात धरलेलं कोरं आंतर्देशीय पत्र पुढे करायची. "गो चेडवा, एक कागद लिवन दी." आमच्याकडे पत्राला कागदच म्हणायचे. साल १९७४, मी सहावीत, गाव देवगड तालुक्यातलं. काकीचा नवरा परळला गिरणीत होता. गणपतीला यायचा, रजा मिळाली तर शिमग्यालाही.

मायना मला तोंडपाठ होता, त्यासाठी काकीला काही विचारावं लागत नसे. पुढचा मजकूर ती सांगायची. मनीऑर्डर पोचली. गाय व्याली, पाडी झाली. वाऱ्याने मागच्या पडवीचे चार नळे उडाले. थोरल्याला ताप होता, आता बरा आहे. एवढं झालं की ती थांबायची. पत्राची एक घडी अजून कोरी असायची. "आणि काय लिहू?" मी विचारायचे. ती खळ्याकडे बघत राहायची, आणि मग म्हणायची, "ता तू लिव. तुका सगळा समाजता."

मला काही समजत नव्हतं. अकरा वर्षांच्या मुलीला समजावं असं ते नव्हतंच. तिकडे मुंबईत काकालाही वाचता येत नव्हतं. पाळ्यांनी झोपणाऱ्या वीसेक गाववाल्यांच्या खोलीत जो कोणी जागा असेल तो मोठ्याने वाचून दाखवायचा. लिहिणारी मी, वाचणारा तिसराच, आणि पत्र ज्या दोघांचं, त्यांच्यापैकी एकाचंही अक्षर त्यावर नाही. ती कोरी घडी मी कशी भरायचे ते पुढे सांगते.

बऱ्याच वर्षांनी एमएला इंग्रजी घेतलं तेव्हा सॅम्युअल रिचर्डसनची हकीकत वाचनात आली. इंग्रजी कादंबरीच्या पहिल्या पिढीतला हा माणूस, जन्म १६८९चा, बाप सुतारकाम करणारा. तेरा वर्षांचा असताना हा मुलगा आसपासच्या तरुण मुलींची प्रेमपत्रं लिहून द्यायचा. त्यात तीन मुली अशा होत्या, की आपल्यासारखीच दुसरीही याच्याकडून लिहून घेते हे तिघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. प्रियकराची पत्रं आणून त्याला दाखवायच्या, उत्तर कसं द्यावं ते विचारायच्या. एकीला म्हणे त्याने विचारलं, नक्की काय लिहू? तर ती म्हणाली, काय लिहायचं ते मला सांगता येणार नाही, पण तू कितीही मायेने लिहिलंस तरी ते जास्त होणार नाही.

इथे मी पुस्तक मिटलं आणि काकीचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. आठवली ती तिची पाठ, खळ्याकडे वळलेली.

हे सगळं रिचर्डसनने उतारवयात एका डच परिचिताला पत्रातून कळवलं होतं. त्याच पत्रात आणखी एक गंमत आहे. अकरा वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा त्याने गावातल्या पन्नाशीच्या एका चुगलखोर विधवेला बायबलची वचनं जागोजाग पेरून, मोठ्या माणसाने लिहावं अशा थाटात उपदेशाचं पत्र धाडलं. अक्षरावरून पकडला गेला. दुसऱ्याच्या आवाजात बोलायची खोड आणि उपदेशाची खाज, दोन्ही त्याला लहानपणीच जडल्या. पुढे दोन्ही कामी आल्या. दुसरी जरा जास्तच.

तो छापखान्यात उमेदवारीला लागला. मालक खडूस. रात्री वाचायचं तर मालकाच्या मेणबत्तीवर वाचून त्याचं नुकसान करणं बरं नव्हे, म्हणून हा स्वतःच्या पैशाने मेणबत्ती आणायचा. मेणबत्तीवर तेव्हा कर होता, आणि १६९६ पासून घरांच्या खिडक्यांवरही. उजेडच विकत घ्यावा लागत होता, तिथे वाचणं ही काही फुकटची करमणूक नव्हे. उमेदवारी संपल्यावर लंडनमध्ये फ्लीट स्ट्रीटजवळ सॅलिसबरी कोर्टात त्याने स्वतःचा छापखाना काढला. चांगला चालला. पहिल्या बायकोपासून झालेली सहाही मुलं गेली, बायको गेली, दुसरं लग्न झालं. पन्नाशीला आला तरी त्याने एकही गोष्ट लिहिली नव्हती.

मग रिव्हिंग्टन आणि ऑसबर्न हे दोन प्रकाशक त्याच्याकडे एक काम घेऊन आले. गावाकडच्या साध्या लोकांना स्वतःची पत्रं लिहिता यावीत म्हणून नमुन्याच्या पत्रांचं पुस्तक करून द्या. भावाने भावाला, उमेदवाराने मालकाला, अशा छापाचं. आपल्याकडेही असली पुस्तकं निघायची, त्यातला मायना मी पाठ केला होता. त्या नमुन्यांत, नोकरीला लागलेल्या मुलीवर मालकाची वाईट नजर पडली तर बापाने तिला काय लिहावं आणि तिने काय उत्तर द्यावं, असाही एक प्रसंग आला. रिचर्डसन तिथे अडकला. नमुन्यांचं पुस्तक बाजूला ठेवलं, १० नोव्हेंबर १७३९ला लिहायला बसला आणि १० जानेवारी १७४०ला उठला. ती ‘पामेला’.

पण पामेलाकडे वळण्याआधी वीस वर्षं मागे जायला हवं. कादंबरीचा हा धंदा एका दिवाळखोर माणसाने सुरू केला होता, आणि खोटं बोलून.

डॅनियल डिफो मेणबत्त्या विकणाऱ्याचा मुलगा. मोज्या-बनियनांचा व्यापार केला, कौलं-विटांचा कारखाना काढला, १६९२ साली सतरा हजार पौंडांचं दिवाळं काढलं. एका उपहासाच्या पत्रकापायी १७०३मध्ये भर चौकात खोड्यात उभा राहिला, तुरुंगात गेला. वृत्तपत्रं चालवली. साठीला टेकला तेव्हा, २५ एप्रिल १७१९ रोजी, त्याचा ‘रॉबिन्सन क्रूसो’ बाजारात आला. मुखपृष्ठावर डिफोचं नाव नाही. क्रूसोचं आहे, आणि खाली लिहिलंय, स्वतः त्यानेच लिहिलेलं. प्रस्तावनेत संपादक म्हणून कोणीतरी सांगतो की ही खरीखुरी हकीकत आहे, यात बनावट काही नाही.

हे खोटं का बोलावं लागलं? एक तर डिफोच्या पंथात, सरकारी चर्चला न मानणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंटांत, कल्पित गोष्ट म्हणजे सरळसरळ असत्य भाषण. दुसरं असं की राजे, वीर, गवळी-गवळणी यांच्या गोष्टी लोकांना माहीत होत्या, पण तुमच्या-आमच्यासारख्या व्यापाऱ्याच्या आयुष्यावर पाचशे पानं कोणी का वाचावीत? ते खरं असेल तरच. म्हणून पुस्तक रोजनिशीचं सोंग घेऊन आलं. १६९५ साली छपाईवरचा परवान्याचा कायदा मोडीत निघाला होता, वृत्तपत्रं आणि चोपड्यांना ऊत आला होता, आणि बातमी कुठे संपते आणि बनवाबनवी कुठे सुरू होते हे कोणी फारसं तपासत नव्हतं. त्या गर्दीत क्रूसो खपून गेला. किंमत पाच शिलिंग, म्हणजे लंडनच्या साध्या मजुराची साधारण अर्ध्या आठवड्याची कमाई. तरी त्याच वर्षी आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, चोरून छापलेली स्वस्त प्रत निघाली, आणि एका वृत्तपत्राने तर ते क्रमशः छापायला घेतलं.

बेटावर अडकलेला हा माणूस फुटक्या जहाजातून काय काय आणतो, ही यादी लहानपणी मी मिटक्या मारत वाचली होती. मोठेपणी लक्षात आलं की तो लेखण्या, शाई आणि कागदही आणतो. मग बसून दोन रकाने पाडतो. डावीकडे वाईट, उजवीकडे चांगलं. निर्जन बेटावर पडलो. पण जिवंत आहे. अंगावर कपडे नाहीत. पण इथे उकाडा इतका, की असते तरी घालता आले नसते. जमा आणि नावे. देवाशीसुद्धा हा माणूस किर्द-खतावणी मांडूनच बोलतो. जहाजात पैसे सापडतात तेव्हा आधी पैशाला दोन-चार शिव्या घालतो, तुझा इथे काय उपयोग म्हणतो, आणि पुढच्याच ओळीत, पुन्हा विचार करून, उचलून घेतो. सबंध नवा मध्यमवर्ग मला त्या एका वाक्यात भेटतो.

पण मला सगळ्यात आवडतो तो शाईचा प्रसंग. शाई संपत येते. तो थोडं थोडं पाणी घालून ती पुरवतो, इतकं की शेवटी कागदावर काळं काही उमटतच नाही. अठ्ठावीस वर्षं तो तिथे राहिला, पण रोजनिशी आहे ती दौत ओली होती तोवरची. डिफोसारख्या हिशेबी माणसालाच हे सुचावं.

आता पामेला. वय पंधरा. आईबाप गरीब, बापाची शाळा बुडालेली. ती बेडफर्डशरमधल्या एका बड्या घरी नोकरीला. म्हातारी मालकीण मरते, आणि तिचा मुलगा, ज्याचं पूर्ण नाव पुस्तकभर कधीच कळत नाही, नुसता मिस्टर बी, पामेलाच्या मागे लागतो. पहिल्याच पत्रात ती आईबापांना हे कळवत असताना तो खोलीत येतो. ती घाबरून पत्र छातीशी लपवते. तो म्हणतो, बघू, कोणाला लिहितेस? आणि वाचतो. वाचून म्हणतो, अक्षर छान आहे, शुद्धलेखनही बरं आहे.

कादंबरी सुरू होते ती अशी, मोलकरणीचं पत्र मालकाने उघडून वाचण्यापासून. त्या काळी नोकर म्हणजे घरातलंच माणूस, आणि घरातल्या माणसाला कसली आलीय खासगी गोष्ट? पामेलाला दाराला कडी असलेला एक कोपरा मिळतो, तिथे ती लिहिते, आणि सगळं पुस्तक त्या कडीभोवती फिरतं. मालक तिला फसवून लिंकनशरच्या दुसऱ्या वाड्यात कोंडतो. तिथली पहारेकरीण जूक्सबाई तिला कागद मोजून देते आणि लिहिलेले मोजून परत घेते. पामेला बेरकी. जुन्या घरच्या कारभाऱ्याकडून मिळालेला कागद, लेखण्या तिने ठिकठिकाणी दडवून ठेवलेल्या, थोडी शाई फुटक्या चिनी कपात. चिठ्ठ्या बागेत सूर्यफुलाजवळच्या कौलांखाली. आणि लिहून झालेली पानं आतल्या परकराला, कंबरेभोवती शिवून टाकलेली. चालताना तिला ती टोचत असणार.

शेवटी मालकाला सुगावा लागतो. झडती घेईन म्हणतो. ती स्वतःच उसवून देते. तो वाचतो. कोंडलेली असताना तळ्याच्या काठी बसून जीव द्यायचा विचार तिने केला होता, ती पानं तो तिला घेऊन त्याच तळ्याच्या काठी वाचतो. आणि विरघळतो. तिच्या रूपाने जे झालं नाही ते तिच्या लिखाणाने होतं. मग लग्न.

हा शेवट मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. ज्याने पळवलं, कोंडलं, अंगावर हात टाकला, त्याच्याशी लग्न हे बक्षीस? पण रिचर्डसनने ‘सद्गुणाचं फळ’ असं पुस्तकाच्या नावातच घालून ठेवलंय. तेव्हाच्या लंडनने ते डोक्यावर घेतलं. ६ नोव्हेंबर १७४०ला पुस्तक आलं, वर्षभरात पाच आवृत्त्या झाल्या, चर्चच्या व्यासपीठावरून शिफारस झाली. पामेलाची चित्रं काढलेले हातपंखे विकायला आले. एका खेड्यात लोहार हे पुस्तक गावकऱ्यांना वाचून दाखवत होता, लग्नाचं प्रकरण आलं तेव्हा लोकांनी आनंदाने चर्चची घंटा बडवली, अशी आख्यायिकाही आहे. गावच्या देवळात पोथी लागावी तसं.

हेन्री फील्डिंगला मात्र हसू आवरेना. ईटनच्या बड्या शाळेत शिकलेला, नाटकं लिहिणारा माणूस. १७३७च्या नाटकांवरच्या कायद्याने त्याचा तो धंदा बसला होता. त्याने १७४१मध्ये निनावी ‘शमेला’ काढली. त्यातली नायिका मालक दारात येतोय, आता तो बिछान्यात शिरतोय, असं लिहीतच असते आणि वर म्हणते, बघा, मी वर्तमानकाळात लिहितेय! रिचर्डसनची खरी करामत त्याने बरोबर हेरली होती. घटना घडत असताना, शाई ओली असताना लिहिणं. पुढे काय होणार हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नाही, मग वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो तो याचमुळे. त्यावर हसता येतं, पण फील्डिंगलाही त्यातूनच कादंबरी सापडली. १७४९ साली त्याने ‘टॉम जोन्स’ सहाशे पौंडांना विकली. त्यातला सज्जन जमीनदार ऑलवर्दी त्याने ज्याच्यावरून घेतला तो बाथ शहरातला राल्फ ॲलन, आणि या ॲलनने पैसा कमावला होता टपालात, इंग्लंडभरच्या आडमार्गाच्या डाकेचा मक्ता घेऊन. पत्रांच्या कादंबरीची टिंगल करणाऱ्याचा आश्रयदाता पत्रांवरच गब्बर झालेला! याहून मोठी गंमत घरात झाली. पहिली बायको वारल्यावर, १७४७ साली, फील्डिंगने तिच्याच मोलकरणीशी लग्न केलं. ती तेव्हा गरोदर होती. लंडनला हसायला ते पुरेसं होतं. मला तो यानंतर जास्त आवडायला लागला.

पण मोलकरणींचं काय? खऱ्या मोलकरणींचं?

नॉर्दम्प्टनशरमध्ये ब्रॅकलीजवळ मेरी लीपर नावाची मुलगी होती, माळ्याची पोर. एका घरात स्वयंपाकघरात कामाला. तिथे तिच्या हातात सळईवर भाजायचं मांस असायचं आणि दुसऱ्या हातात लेखणी. सळई फिरवायची राहायची, मांस करपायचं, ही लिहीत असायची. तिला कामावरून काढलं. शरीराने बेढब, मान लांब, असं तिच्याबद्दल लिहून ठेवणाऱ्यांनी ठेवलंय. बायकांच्या कवितेआधी तिच्या मानेची नोंद करायची पद्धत जुनीच. १७४६ साली गोवराने ती गेली, चोवीस वर्षांची. एका मैत्रिणीने खटपट करून वर्गणीदार जमवले आणि १७४८मध्ये तिच्या कवितांचं पुस्तक आलं. दुसरा खंड १७५१मध्ये निघाला, तो छापला सॅम्युअल रिचर्डसनने.

पामेलाचे खिळे जुळवणाऱ्या छापखान्यात खरोखरीच्या मोलकरणीच्या ओळी जुळवल्या जात होत्या. रिचर्डसनला तेव्हा काय वाटलं असेल याचा मी अनेकदा विचार केलाय. त्याच्या पामेलाला लिहिण्याचं बक्षीस म्हणून वाडा मिळाला. मेरीला लिहिण्यापायी नारळ मिळाला.

मोलकरणींना लिहिता येत होतं का, हा प्रश्न पामेलावर हसणाऱ्यांनी तेव्हाही विचारला होता. १७५४ पासून इंग्लंडात लग्नाच्या नोंदवहीत नवरानवरीने सही करणं कायद्याने आलं. त्या वह्यांवरून दिसतं की दहातले साधारण सहा पुरुष सही करत, बायका चारच्या आत. बाकीच्यांनी फुली मारली. आमच्याकडे अंगठा, त्यांच्याकडे फुली. काकीची मनीऑर्डर घेऊन पोस्टमन यायचा तेव्हा शाईचा तो पॅड तो आधीच उघडून धरायचा.

रिचर्डसनने पुढे ‘क्लॅरिसा’ लिहिली, १७४७-४८मध्ये, सात खंड, साडेनऊ लाखांच्या आसपास शब्द. मी ती पूर्ण वाचलीय, एका पावसाळ्यात, आणि हे सांगताना मला फुशारकी वाटते हे लपवत नाही. तिथे तो बक्षिसाबिक्षिसाच्या पलीकडे गेला. श्रीमंत घरची मुलगी, घरच्यांनी ठरवलेल्या स्थळाला नकार देते, तेव्हा आधी तिची दौत-लेखणी जप्त होते. तिनेही चोरून ठेवलेल्या असतातच. ज्याच्या भरवशावर घर सोडते तो लव्हलेस तिची पत्रं वाटेत फोडतो, मैत्रिणीच्या अक्षरात खोटी पत्रं लिहितो. पत्र हे इथे फक्त मनाचं दार राहत नाही, ते दरोडा घालायची जागा होते. शेवटी बलात्कार सोसलेली ही मुलगी त्याच्याशी लग्न नाकारते. स्वतःची शवपेटी आधीच करवून घेते, खोलीत ठेवते, आणि तिच्यावरच कागद ठेवून लिहिते, इतर माणसं मेजावर लिहितात तशी. लिहायला तिच्या हक्काची म्हणावी अशी ती एकच जागा.

खंड टप्प्याटप्प्याने येत होते, तेव्हा वाचक तिला मारू नका म्हणून रिचर्डसनला पत्रं लिहीत होते. लँकेशरमधली एक बाई, लेडी ब्रॅडशे, खोट्या नावाने विनवण्या करायची, चिडायची, रडायची. त्याने ऐकलं नाही. पण पुढे कितीतरी काळ दोघांचा पत्रव्यवहार चालला. तिने आपल्याला ओळखावं म्हणून त्याने स्वतःचं वर्णन कळवलं, ठेंगणा, अंगाने भरलेला, एक हात कोटात छातीशी, दुसऱ्यात काठी, आणि बागेत फेऱ्या मारत राहिला. साठीचा छापखानेवाला, लंडनच्या बागेत, न पाहिलेल्या वाचकाची वाट बघत. हे त्याच्या कुठल्याही पुस्तकात नाही याची मला खंत वाटते.

नंतर बायकांनी लेखणी स्वतःकडे घेतली, तीही लपूनछपूनच. खरं तर क्रूसोच्याच वर्षी, १७१९मध्ये, एलायझा हेवूडची प्रेमकथा तडाखेबंद खपत होती, पण तिला प्रतिष्ठितांच्या पंगतीत पान कोणी मांडलं नाही. फॅनी बर्नीने पंधराव्या वाढदिवशी आपलं सगळं लिखाण जाळलं. राहवलं नाही म्हणून पुन्हा लिहिलं. बापाच्या हस्तलिखिताच्या नकला तीच करायची, त्यामुळे छापखान्यात तिचं अक्षर ओळखीचं. म्हणून रात्री बसून अक्षर मोडून तिने सगळी प्रत काढली आणि भावाला वेष बदलून प्रकाशकाकडे धाडलं. ‘एव्हलिना’ १७७८मध्ये आली, निनावी, वीस गिनींना विकलेली. तीही पत्रांचीच. १८११ साली जेन ऑस्टिनची पहिली कादंबरी आली तेव्हाही मुखपृष्ठावर एवढंच होतं, एका बाईने लिहिलेली.

आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी १८९०च्या दशकाच्या तोंडाशी ‘करमणूक’मधून ‘पण लक्षात कोण घेतो’ ही यमूची हकीकत तिच्याच तोंडून सांगायला घेतली. तिथेही लेखणी धरणारा पुरुष आणि ‘मी’ म्हणणारी बाई. मला यमू खरी वाटते. पामेलाही खरी वाटते. तरी प्रत्येक वेळी मनात येतं, त्या कोऱ्या घडीत हिने स्वतः काय लिहिलं असतं?

ज्याला कोरी घडीही मिळाली नाही असा एक जण क्रूसोच्याच बेटावर आहे. क्रूसो तिथे पोचला कसा? ब्राझीलमध्ये त्याचा मळा होता, आणि मळ्यावर राबवायला गुलाम आणण्यासाठी तो आफ्रिकेकडे निघाला होता. त्याआधी, जुरी नावाच्या ज्या मुलासोबत तो कैदेतून निसटला त्यालाच त्याने एका पोर्तुगीज कप्तानाला साठ नाण्यांना विकून टाकलं होतं. हेही जमेच्या रकान्यात. मग बेटावर फ्रायडे भेटतो. त्याचं नाव क्रूसो ठेवतो, आणि पाठोपाठ शिकवतो तो शब्द ‘मालक’. फ्रायडे इंग्रजी शिकतो, बायबल ऐकतो, अडचणीचे प्रश्नही विचारतो. लेखणी त्याच्या हातात एकदाही येत नाही. १७१९मध्येच आलेल्या दुसऱ्या भागात तो बाण लागून मरतो.

सत्तर वर्षांनी, १७८९मध्ये, लंडनमध्ये एक पुस्तक निघालं. ओलाउदा इक्वियानोचं आत्मचरित्र. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. सुरुवातीला मालकाला पुस्तक वाचताना बघून, पुस्तक बोलतं असं समजून त्याने त्याला कान लावला होता, आणि ते गप्प राहिलं म्हणून खट्टू झाला होता. वेस्ट इंडीजच्या बेटांवर मालकाची जहाजं फिरत असताना तीन पेन्सांच्या भांडवलावर त्याने स्वतःचा व्यापार सुरू केला. एक काचेचा पेला घेतला, तो सहाला विकला, मग दोन पेले. क्रूसोलाही हेवा वाटावा असा हिशेब. १७६६ साली चाळीस पौंड मोजून त्याने स्वतःला विकत घेतलं. पुस्तकासाठी वर्गणीदार त्याने स्वतः जमवले, हक्क स्वतःकडे ठेवले, हयातीत नऊ आवृत्त्या काढल्या.

त्याच्या मुखपृष्ठावर शेवटी तेच शब्द आहेत जे क्रूसोच्या मुखपृष्ठावर होते. स्वतः त्यानेच लिहिलेलं.

त्या कोऱ्या घडीचं सांगायचं राहिलं. बहुतेक वेळा मी तिथे हवापाण्याचं काहीतरी खरडून द्यायचे. एकदा मात्र, शिमगा महिन्यावर आला होता, मी आईच्या लपवलेल्या मासिकांतलं एक वाक्य थोडं बदलून घातलं. रात्री पडवीत एकटी बसते आणि गाडीचा आवाज आला की उठून उभी राहते, असं काहीतरी. आमच्या वाडीत गाडी येतच नव्हती, रस्ता होता तो खाली तिठ्यापर्यंत. काकीला वाचून दाखवताना मी ते वाक्य गाळलं. चिकटवून, पत्ता घालून तिच्या हातात दिलं.

काका शिमग्याच्या आठ दिवस आधीच आला. बिनपगारी रजा टाकून. खोलीतल्या कोणीतरी ते वाचलं होतं, वीस जणांनी ऐकलं होतं, आणि तो दुसऱ्या दिवशी बोटीवर बसला होता. त्याच संध्याकाळी काकी आमच्या मागच्या दारी आली. डोक्यात अबोलीचा वळेसर होता. आत आली नाही, चौकटीला टेकून उभी राहिली.

"काय लिवलंस गो त्या कागदात?"

मी चुलीत लाकूड सारत होते. वर न बघता म्हटलं, "तू सांगलंस ताच."